इंजिनाचा पंखा : यांत्रिकाऐवजी विजेचा

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून रेडिएटरला बॅटरीवर चालणारा पंखा बसवणे. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, जुनी महिंद्रा जीप अशा उभ्या इंजिनाच्या गाड्यांत हा बदल करतात. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन आडवे होते; त्याचा दांडा रेडिएटरच्या रोखाने येत नाही, म्हणून तिला विजेचा पंखा मुळातच होता.

यांत्रिक पंख्याचा वेग इंजिनाशी बांधलेला असतो, आणि खोट तिथेच आहे. सिग्नलला गाडी थांबते, वाऱ्याची खरी गरज असते, तेव्हा तो संथ फिरतो. हमरस्त्यावर समोरचा वाराच पुरेसा असतो, तेव्हा तो भरधाव फिरून ताकद खातो : वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट मिळते, शक्ती मात्र आठपट लागते. विजेचा पंखा पाणी साधारण ९५ अंश सेल्सिअसला पोचले की थर्मोस्विचवर लागतो, निवले की थांबतो.

या कामात फसगत होते ती वायरिंगमध्ये. १२ व्होल्टचा पंखा १५ ते २० अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर बराच जास्त. साध्या स्विचवरून तो चालवला तर स्विच जळतो. रिले, वेगळा फ्यूज, जाड वायर आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवलेली अर्थ, यांत काटकसर नको. डायनॅमोच्या गाडीला आधी अल्टरनेटर बसवावा. श्राउड (पंखा आणि रेडिएटर यांमधले वेष्टन) नसेल तर पंखा आपल्या गोलापुरतीच रेडिएटरची जाळी थंड करतो. एसी असल्यास कॉम्प्रेसरबरोबर पंखाही लागला पाहिजे. जुना पट्टा काढू नये. वॉटर पंप त्याच्यावरच असतो. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक लागू शकतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची वायर सोडावी.

अवजड ट्रकला हा बदल करूच नये. उदाहरणार्थ, हजीरा येथून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इच्छापोर, सुरत, नवापूरवरून धुळ्याकडे जातो. हजीऱ्याचे पोलादी कॉइल लादलेला ट्रेलर या मार्गावरचा कोंडाईबारी घाट चढतो, तेव्हा वेग कमी, इंजिनावर पूर्ण भार आणि समोरचा वारा जवळपास नाही. अशा इंजिनाच्या पंख्याला १० किलोवॉटच लागले असे धरले, तरी २४ व्होल्टवर ४०० हून जास्त अँपिअर होतात. तिथे व्हिस्कस क्लचचा यांत्रिक पंखाच योग्य : रेडिएटरमागची हवा तापली की पुढची द्विधातू पट्टी झडप उघडते, आतले सिलिकॉन तेल पसरते आणि पंखा पकड घेतो.