गळाने मासेमारी : दख्खनच्या नद्यांचा एक जुना छंद

'गळ टाकणे', 'गळाला लागणे' हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पण गळाने मासे धरण्याच्या कलेवरचा एक अतिशय जुना लिखित मजकूर आपल्या हैदराबादजवळच रचला गेला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

मानसोल्लासातील मत्स्यविनोद

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बीदर जिल्ह्यातील हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. माणिकनगरला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हा परिसर परिचयाचा आहे.

ग्रंथात प्रत्येकी वीस अध्यायांच्या पाच विंशती आहेत. चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकीचे प्रकार येतात. त्यांतला एक म्हणजे 'मत्स्यविनोद'. माशांचे प्रकार, समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे त्यांचे भेद, त्यांना कोणते खाद्य घालावे, काठी, दोरी व गळ कसा असावा आणि गळाला लागलेला मासा कसा खेळवावा, याची माहिती त्यात आहे. या विषयावरचे इंग्रजीतले पहिले छापील पुस्तक १४९६ चे. मानसोल्लास त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा.

मराठी वाचकाला या ग्रंथाचे आणखी एक अप्रूप आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात सापडते.

ग्रंथ पुन्हा उजेडात

गो. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला मानसोल्लास बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर लेख लिहिला. पुढे २००५ मध्ये डॉ. नलिनी साधले आणि डॉ. य. ल. नेने यांनी ग्रंथातील माशांवर सविस्तर लेखन केले. ते ज्या नियतकालिकात आले, ते डॉ. नेने यांनी स्थापन केलेल्या सिकंदराबादच्या संस्थेचे. म्हणजे शेजारी जन्मलेल्या या मजकुराचा अभ्यासही आपल्याच शहरात झाला.

मराठी नावे, शास्त्रीय नावे

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. अनेक माशांना त्यांनी इथलीच बोलीतली नावे दिली. त्यामुळे 'खुद्री', 'कोळूस', 'मुल्या' अशी नावे आजही शास्त्रीय नावांत टिकून आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, गळ टाकणाऱ्यांचा सर्वांत आवडता मासा. धरणे आणि प्रदूषण यांमुळे त्याची संख्या घटली. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले सोडत आहे.

आज आपल्याकडे

मुसीची शहरातली अवस्था आपण रोज पुलावरून पाहतो. तिथे गळ टाकून बसावे असे कुणाला वाटणार नाही. तरीही मासा इथल्या जीवनातून गेलेला नाही. मृग लागला की हैदराबादच्या मासळीबाजारात झुंबड उडते, आणि मरळ हा तेलंगणाचा राज्यमासा आहे.

हरवते आहे ते शब्दांचे धन. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्या काठी आहेत. तिथल्या माशांची नावे, डोहांची नावे, आमिष म्हणून काय लावत, भोई मंडळी कोणती साधने वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच आठवते. आपल्या मुलांना 'मरळ'सुद्धा तेलुगू नावानेच माहीत असतो.

म्हणून आमची विनंती आहे : या सुट्टीत आजी-आजोबांना विचारून अशा आठवणी गावाच्या नावासह लिहून ठेवा. घरात जुना गळ किंवा जाळे असेल, तर ते मोडीत न देता त्याचे छायाचित्र काढून ठेवा. संग्रहालयाची सुरुवात अशा वस्तूंपासूनच होते.