काच सांभाळणारी चौकट

जुनी मोटार पाहायला जमलेली माणसे तिच्या लखलखीत दिव्यांपाशी थांबतात. पोरे भोंगा वाजवून घेतात. पुढच्या काचेच्या चौकटीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही. इतरांना दिसू द्यावे आणि आपण दिसू नये, हा तर तिचा धर्मच! पण मोटारीच्या इतिहासातले एक रंजक प्रकरण याच चार पट्ट्यांत दडलेले आहे.

आरंभीच्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच. त्यांना पुढे काच नव्हती. धूळ, चिलटे आणि पाऊस यांचा मारा चुकवायला चालक डोळ्यांवर मोठा चष्मा आणि अंगात जाड डगला चढवीत. वेग वाढला तशी काच आली. परंतु ती खिडकीच्या तावदानाचीच. टक्कर झाली की तिच्या सुऱ्या होत. वाऱ्यापासून वाचवणारी वस्तूच जिवावर उठे.

यावर तोड निघाली ती एका फुटलेल्या चंबूतून. १९०३ साली एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच कलावंत-रसायनज्ञाच्या हातून काचेचा एक चंबू पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे काही विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा पातळ पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता! पुढे १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा बसवण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात ही काच वायुमुखवट्यांच्या डोळ्यांना लागली. डिसेंबर १९२७ मध्ये फोर्डची 'मॉडेल ए' बाजारात आली, तेव्हा सामान्य माणसाच्या गाडीलाही पुढे अशी सुरक्षित काच मिळाली.

त्या गाडीच्या बंदिस्त नमुन्यांत काचेची पोलादी चौकट वरच्या बिजागरीवर टांगलेली असे. उकाड्यात ती खालून बाहेर ढकलली की वारा थेट आत. सोय उत्तम, पण चौकटीची खोबणी म्हणजे आयती पन्हळच! काचेवरून ओघळलेले पाणी खालच्या पट्टीत साचे, काचेभोवतीची पट्टी ते बोळ्यासारखे धरून ठेवी, आणि बाहेरचा रंग शाबूत असताना आतून गंज सुरू होई. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो फुगत जातो आणि काचेला कडेने दाबून तडा घालतो. मालक मात्र वाटेत उडालेल्या खड्याला बोल लावतो! काचेच्या कडेतून शिरलेली ओल मधला पापुद्राही सोडवते, आणि उन्हाने तो पिवळा पडतो तो निराळाच.

आपल्याकडे या कहाणीला समुद्राच्या हवेची जोड मिळाली. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ साली स्थापन झाली, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली. मुंबईतल्या त्या काळच्या गाडीने चार महिन्यांचा पाऊस आणि बारा महिन्यांची खारी हवा सोसलेली असते. तिची खालची पट्टी बोटाने दाबली आणि पापडासारखी मोडली, तर नवल नको.

अशी चौकट काढणे हे घाईचे काम नव्हे. आधी मापे घ्यावीत आणि लाकडी साचा करावा; कारण कुजलेली पट्टी सुटली की उरलेल्या बाजू फाकतात. अडकलेल्या स्क्रूंना दोन-चार दिवस पातळ तेल पाजावे, थोडी ऊब द्यावी आणि प्रथम किंचित आवळून मगच सैल करावे. एकदम जोर केला तर डोके तुटून हातात येते! काच उचकटू नये. पातळ पात्याने तिची पट्टी कापून सोडवावी.

गंज उतरवायची एक सौम्य रीत आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चौकट बुडवून ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायची, आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा भंगार तुकडा. गंज सैल होतो, निकोप पोलाद राहते. मात्र यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. मग कुजला तेवढाच भाग कापून नवा पत्रा जोडावा, खोबणीला आतूनही रंग द्यावा, आणि काच पक्की करण्यापूर्वी एकदा कोरडी बसवून पाहावी. चौकटीत जराही पीळ राहिला, तर नवी काच पहिल्याच खड्ड्यात तडकेल.

खरा पेच पुढेच आहे. पिवळी, दुधाळ काच मूळची म्हणून जपायची की बदलायची? गाडी रस्त्यावर धावणार असेल, तर उत्तर स्पष्ट आहे: काच आजच्या पद्धतीची, दोन थरांची, सुरक्षितच हवी. समोरून येणारे पोर दिसलेच पाहिजे. जुनी काच फेकू मात्र नये. कापडात गुंडाळून, तिच्यावर साल लिहून ठेवावी. चौकट जितकी वाचेल तितकी वाचवावी. काच माणसासाठी बदलायची आणि चौकट इतिहासासाठी राखायची, एवढे तारतम्य सांभाळले म्हणजे मिस्त्रीचे काम चोख झाले.