क्रोशाची सुई रस्त्यावर येते

आमच्या घरी नमाजाच्या टोप्या अम्मी विणायची. पांढरा दोरा, बारीक क्रोशाची सुई आणि ओठांतल्या ओठांत टाक्यांची मोजणी : साखळी, खांब, मुका खांब. त्याच सुईने तिने शेजारच्या काकूंना मोरांचे तोरण विणून दिले. टोपी मशिदीत गेली, तोरण गणपतीत दाराला लागले. विणणारी मात्र उंबऱ्याच्या आतच राहिली. कॉलेजच्या अर्जावर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘काही नाही’ असे लिहिले. माझी फी टोप्यांच्या पैशांतून भरली होती, हे ठाऊक असूनही!

क्रोशे हा शब्द फ्रेंच. अर्थ, लहानसा हूक. या हुकाने एकेकाळी माणसे जगवली आहेत. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत मठांतल्या नन्सनी गरीब मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स या गावी १८४७ मध्ये तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसान्ड्रा हँड यांनी हेच काम सुरू केले. जुन्या पद्धतीच्या लेसला फार वेळ लागे, क्रोशाची लेस लवकर होई. ती श्रीमंतांच्या पोशाखावर चढे आणि झोपडीत पीठ येई.

एकोणिसाव्या शतकातच मिशनऱ्यांमार्फत ही कला गोदावरीकाठी, आंध्रातल्या नरसापूरला पोचली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. माल परदेशी जातो, व्यापार पुरुषांच्या हाती राहतो आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणारी बाई मात्र ‘गृहिणी’ ठरते. फावल्या वेळात काहीतरी करणारी! हे वाचताना मला माझा अर्ज आठवला.

पुढे ही सुई घराबाहेर पडली. २००५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सेयग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचे विणलेले वेष्टण घातले. येणारे-जाणारे थबकून बघू लागले. मग खांब, झाडे, बाके सजू लागली. २०१० च्या नाताळात ओलेक या पोलंडमध्ये जन्मलेल्या कलावंताने न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळील प्रसिद्ध बैलाला गुलाबी-जांभळ्या क्रोशाने आपादमस्तक झाकले. ते थोड्याच वेळात काढून टाकले गेले. गंमत अशी की, १९८९ मध्ये तो बैलही शिल्पकाराने विनापरवानाच आणून ठेवला होता!

मला मात्र जास्त भावते ते लहान गावांतले काम. इंग्लंडमधल्या सॉल्टबर्न या समुद्रकाठच्या गावी २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी धक्क्याच्या कठड्यावर विणलेल्या खेळाडूंची रांग अवतरली. विणणाऱ्यांनी नाव सांगितले नाही. आता तिकडे अनेक गावांत लाल टपालपेट्यांच्या डोक्यावर क्रोशाच्या टोप्या दिसतात. शेजारणी मिळून विणतात, मुले बघायला जमतात.

पावसात लोकर भिजते, कुजते, धागा वाया जातो, अशी टीका यावर होते. ती खोटी नाही. तिला एक उत्तर आपल्याच देशात मिळाले. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील बायकांनी घरोघरी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मैदानात अंथरले. तो जागतिक विक्रम ठरला. नंतर त्याची लहान पांघरुणे गरजूंना देण्यात आली.

रस्ता सजतो, ही त्यातली वरवरची गोष्ट. चौकातल्या खांबावरचे विणकाम पाहून जाणारा विचारतो, ‘हे कुणी केलं?’ घरातल्या रुमालाबद्दल, तोरणाबद्दल हा प्रश्न आपण किती वेळा विचारला?

अम्मी आता नाही. तिची एक टोपी माझ्याजवळ आहे. कडेचा एक टाका उसवला आहे आणि तो घालणे मला जमत नाही. तो अर्ज पुन्हा हाती आला, तर त्या रकान्यात मी ‘विणकाम’ असे लिहीन.