आकाशातून दिसणारी मिठागरे

आपल्या छत्तीसगडला समुद्र नाही. रेल्वे येण्यापूर्वी इथले मीठ बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून यायचे. ते जिथे पिकायचे, ती जुनी मिठागरे हवाई छायाचित्रांत ओळखता येतात का, हा आजचा विषय.

आधी मिठाचे मोल पाहू. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावांना, पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळत होते. त्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे आपले मीठ खपेल, असा हुकूम होता. म्हणजे त्या काळी कोकणात मिठागरे होती, हे पक्के. ती नेमकी कुठे, हा खरा शोध.

फौजेत हवाई फोटो वाचायला शिकवतात. एकाच जागेचे, एकमेकांवर साधारण ६० टक्के चढणारे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवले की जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो. मिठागराची खूण म्हणजे खाडीकाठी बांध, भरतीचे पाणी घेणारी उघाडी, पाणी साठवायचे मोठे कप्पे आणि पुढे मीठ धरायचे लहान, चौकोनी वाफे. बंद पडलेल्या मिठागरातही बांधांच्या रेषा टिकतात. कोवळ्या उन्हात त्यांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा त्या ठळक होतात.

पण फसगतही होते. खारभूमीतली भातखाचरे आणि कोळंबीची तळी वरून तशीच दिसतात. गावाच्या नावात ‘आगर’ असले तरी घाई नको, कारण कोकणात नारळ-पोफळीच्या बागेलाही आगरच म्हणतात. शिवाय फोटो जागा दाखवतो, शतक नाही. त्यासाठी जकातीचे कागद, जमिनीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पायपीट हवी. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत ‘संभाव्य’ हा शब्द सोडू नये.

हे काम आजच करायला हवे. मुंबईपासून गोव्यापर्यंत कित्येक मिठागरे पडीक आहेत, काहींवर भराव पडला आहे. सुदैवाने अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. हेरगिरीसाठी काढलेले फोटो आता इतिहासाच्या कामी येतात!

कोकणातल्या श्रोत्यांना एक विनंती. गावातल्या वडीलधाऱ्यांना खाडीकाठच्या जमिनींची जुनी नावे विचारा आणि लिहून ठेवा. बांध एखादे वेळी फोटोत सापडेल, नाव मात्र सापडणार नाही.