खोडलेल्या नावाची तारीख

१८२९ साली फ्रेंच पंडित शांपोल्यों नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल्-बहारीच्या मंदिरात शिरला. चित्रलिपीचा उलगडा करून त्याला अवघी सात वर्षे झाली होती. भिंतीवर दाढीधारी राजाची आकृती, पेहराव फॅरोचा. परंतु भोवतीच्या लेखातील नामे व क्रियापदे मात्र स्त्रीलिंगी! हे कोडे त्याला सुटले नाही.

राजवेषातील ही व्यक्ती म्हणजे अठराव्या राजवंशातील हॅटशेप्सूट. पहिल्या थुटमोसची कन्या व दुसऱ्याची राणी. पती निवर्तल्यावर, सुमारे इ. स. पू. १४७९ मध्ये, तिचा सावत्र पुत्र तिसरा थुटमोस गादीवर आला. तो अजाण असल्याने कारभार तिने हाती घेतला आणि काही वर्षांतच फॅरोची सारी बिरुदे धारण केली. तिच्या कारकिर्दीत पुंत देशी गेलेल्या तांड्याने सुगंधी धुपाची झाडे मुळांसकट टोपल्यांतून आणली. ती चित्रे त्याच मंदिरात आजही दिसतात. पुढे मात्र तिचे नाव ठिकठिकाणी खरवडले गेले. ॲबिडॉस येथील राजांच्या यादीत दुसऱ्या थुटमोसनंतर थेट तिसराच येतो.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातर्फे विन्लॉक यांनी मंदिराच्या परिसरातील खड्ड्यांतून तिच्या पुतळ्यांचे असंख्य तुकडे बाहेर काढले. तर्क तयारच होता: राज्य बळकावणारी सावत्र आई, दबलेला मुलगा, आणि ती मरताच त्याने उगविलेला सूड. पुढे हेज यांच्यासारख्या व्यासंगी विद्वानानेही तिची संभावना महत्त्वाकांक्षी व कावेबाज बाई अशीच केली. सावत्र आई दुष्ट असावयाचीच, हा कहाण्यांतला संकेत विद्वानांच्याही मनात किती खोल रुजलेला असतो!

उभी हयात दप्तरात घालविलेल्या प्रस्तुत लेखकाला येथे एक साधी गोष्ट मोठी वाटते. हॅटशेप्सूटने आपला स्वतंत्र राजशक सुरू केला नाही. तिच्या काळातील वर्षे तिसऱ्या थुटमोसच्या राज्यारोहणापासूनच मोजली जात. ज्याचे राज्य लुबाडावयाचे, त्याच्याच नावाने कोणी कागदावर वर्ष घालीत नाही. शिवाय ती वारली तेव्हा तो कर्ता पुरुष होता, आणि कर्नाक येथील तिचे अपुरे लाल देवालय त्यानेच पूर्ण केले.

१९६६ मध्ये चार्ल्स निम्स यांनी नेमका तारखेचाच प्रश्न हाती घेतला. कर्नाकच्या भिंती कोणत्या क्रमाने उभ्या राहिल्या हे तपासून त्यांनी दाखविले की, नाव खोडण्यास प्रारंभ झाला तो थुटमोसच्या बेचाळिसाव्या वर्षानंतर. ती तर बाविसाव्या वर्षाच्या सुमारासच वारली होती. म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. संतापाने पेटलेला माणूस वीस वर्षे थांबेल काय? खोडलेल्या जागीही पुष्कळदा त्याच्या आजाचे वा बापाचे नाव कोरलेले आढळते. आणि राणी म्हणून काढलेल्या तिच्या प्रतिमांना सहसा धक्का लागलेला नाही. पुसली गेली ती तिची राजपदावरील नोंद. मुलगा दुसरा आमेनहोटेप याच्या वारसाहक्काची वाट निष्कंटक करण्यासाठी वृद्ध राजाने हे केले असावे, असे आता अनेक अभ्यासक मानतात. तो हिशेबच म्हणावयाचा, परंतु सूड नव्हे.

फुटलेल्या पुतळ्यांचे काय? टोरंटो विद्यापीठाच्या जून यी वाँग यांनी विन्लॉक यांच्या काळातील उत्खननाच्या जुन्या टिपणवह्या व छायाचित्रे पुन्हा तपासून २०२५ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. अनेक पुतळ्यांचे चेहरे शाबूत होते. घाव होते ते मान, कंबर, गुडघे अशा मोजक्या जागी. जुन्या राजांच्या मूर्तींतील शक्ती निवविण्याचा तो रूढ विधी होता आणि इतर फॅरोंच्या मूर्तींनाही तो चुकला नाही. काही तुकडे तर नंतरच्या लोकांनी बांधकामाचे दगड म्हणून उचलून नेले. नाव खोडले गेले हे वाँग नाकारीत नाहीत. मात्र त्या तुकड्यांचा सारा दोष थुटमोसच्या माथी मारता येत नाही, एवढेच ते सांगतात. ज्या टिपणांवरून हे सिद्ध झाले, ती शंभर वर्षे त्याच संग्रहालयाच्या दप्तरात पडून होती.