शिवनाथचे उतरते पाणी

भिलाईचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात पोलादापासून होते. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि एका खेडेगावाचे नाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. दुर्ग शहराला खेटून वाहणारी शिवनाथ नदी या कथेत आलीच तर पाणीपुरवठ्याच्या परिच्छेदात येते. तिच्या काठच्या ढीमर आणि केवट या जातींची मासेमारी तर बहुधा येतच नाही. ती कथेत आणली की एक गोष्ट लक्षात येते. या नदीवर मासे कुणाचे हा प्रश्न कधीच मुळाशी नव्हता. पावसाळा ओसरल्यावर, कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत नदीत जे पाणी उरते ते कुणाचे, यावर या धंद्याचे भवितव्य ठरत आले.

शिवनाथ गडचिरोली आणि राजनांदगावच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातून येते, दुर्गवरून ईशान्येकडे जाते आणि शिवरीनारायणच्या अलीकडे महानदीला मिळते. ती पावसावर जगणारी नदी आहे. आषाढ-श्रावणात तिला पूर येतो, मासे नाल्यांतून भाताच्या बांध्यांपर्यंत चढतात आणि अंडी घालतात. आश्विनात पाणी उतरू लागले की तेच मासे, पिलांसह, परत नदीकडे निघतात. छत्तीसगडी खेड्यांत चोरिया नावाचा बांबूच्या काड्यांचा सापळा वापरतात. त्याच्या तोंडाशी आतल्या बाजूला निमुळत्या काड्यांचा गळा विणलेला असतो. मासा काड्या दाबून आत शिरतो, पण परतताना टोके त्याच्या अंगावर येतात. पावसाच्या सुरुवातीला मासे चढत असतात, म्हणून चोरियाचे तोंड नदीकडे करावे लागते. भात निसवण्याच्या सुमारास तोच सापळा उलटा फिरवतात, तोंड शेताकडे.

यानंतरचा हंगाम डोहांचा. धार बारीक होत जाते, नदीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात मासे दाटतात. मरळ आणि मोंगरी चिखलाच्या कडेला राहतात. पढिना हा मोठ्या जबड्याचा शिकारी मासा खोल तळाशी दबा धरतो आणि गरी, म्हणजे गळ, टाकणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते. उतरत्या हंगामात मासा ठरावीक जागी गोळा व्हावा, हे इथलेच वैशिष्ट्य नाही. उत्तर अमेरिकेत मिसिसिपीच्या वरच्या पट्ट्यात वॉलआय आणि सॉगर हे शिकारी मासे शरद ऋतूत पाणी गार होऊ लागले की खोल खळग्यांत आणि 1930 च्या दशकात बांधलेल्या बंधाऱ्यांच्या पायथ्याशी जमतात. शिशाचे डोके असलेला जिग नावाचा गळ तळाला टेकवत, उचलत त्यांना पकडतात. फरक इतकाच की तिथे माशाला गारठा एकत्र आणतो आणि इथे आटणे. मिसिसिपीचा खळगा हिवाळ्यातही भरलेला राहतो. शिवनाथचा डोह मात्र माघानंतर कुणी उपसला तर महिनाभरात संपू शकतो.

म्हणूनच इथल्या मच्छीमार जातींनी एकाच पाण्यावर भिस्त ठेवलेली दिसत नाही. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात ढीमरांचे धंदे दिले आहेत: मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाड्याची लागवड. ही यादी वाचून कुणी म्हणेल की मासेमारी त्यांचा जोडधंदाच होता, त्यावर इतिहास कशाला उभारायचा? मला ही यादी वेगळी वाचावीशी वाटते. यातली बहुतेक कामे पाण्याशी बांधलेली आहेत, आणि नदी आटली तर आधार म्हणून त्यांत शिंगाड्याचे तळेही आहे. वैनगंगेकाठच्या ढीवरांनाही नदी आणि मालगुजारी तलाव ही जोडी नीट ठाऊक आहे. नवल नाही, 1854 पर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात नांदले.

कायद्याने या हंगामाकडे कसे पाहिले? 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. विष कोंडलेल्या, संथ पाण्यातच चालते. तेव्हा हा कायदा आटत्या डोहांचाही विचार करतो हे मान्य करावे लागेल. याच आधारावर एक गंभीर आक्षेप घेता येतो: डोह मच्छीमारांनी आणि गावकऱ्यांनीच उपसले, विषाने रिकामे केले, मग बाहेरच्यांना दोष का द्यायचा? विषप्रयोग होत असत, यात शंका नाही. पण विषाने एका डोहातले एका वर्षाचे मासे जातात. पुढच्या पुरात खालून-वरून मासे येऊन तो पुन्हा भरतो, अट एवढीच की नदीची वाट मोकळी हवी. ही वाट आणि हे पाणी दोन्ही विसाव्या शतकात बदलले, आणि कायदा मात्र पद्धतींवरच बोलत राहिला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या 1948 च्या अधिनियमाखालचे 1972 चे नदीय मत्स्योद्योग नियम आजही छत्तीसगडात लागू आहेत. त्यांनुसार 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते; नदी-नाल्यांशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी वगळली आहेत. विणीच्या काळासाठी हे योग्यच आहे. पण ही बंदी जाळ्यावर आहे. उरलेल्या दहा महिन्यांत डोहातले पाणी किती खाली जाऊ द्यायचे, याबद्दल ती काही सांगत नाही.

पाण्याची सूत्रे हलली ती आधी शेतीसाठी. शतकाच्या वळणावरच्या दोन भीषण दुष्काळांनंतर मध्य प्रांतात सिंचनाची कामे निघाली आणि बालोदजवळचे तांदुळा धरण 1921 मध्ये पूर्ण झाले. तांदुळा ही शिवनाथची उपनदी. तिच्यावर बांध पडला तेव्हा खाली येणाऱ्या पाण्याची वेळ आणि माप धरणाच्या दारांकडे गेले. पोलाद कारखान्यालाही आधी याच व्यवस्थेतून पाणी मिळाले. पुढे गोंदली धरणाची आणि महानदीवरच्या गंगरेलची भर पडली. इथे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे की भाताचे एक पीक वाचणे आणि हजारो घरांना पगार मिळणे या लहान गोष्टी नव्हत्या. या धरणांची गरजच नव्हती, असे माझे म्हणणे नाही. वाटप ठरले तेव्हा नांगर आणि भट्टी यांचा हिशेब झाला, डोहाचा झाला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे सर्वांत उघडपणे दिसले ते 1998 मध्ये. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या औद्योगिक केंद्र विकास निगमाने रेडियस वॉटर या कंपनीशी 22 वर्षांचा करार केला. नदीवर बंधारा झाला आणि सुमारे 23 किलोमीटरच्या पट्ट्यात मोहलईसारख्या गावांतल्या लोकांना मासेमारी, आंघोळ आणि शेतीसाठी उपसा करण्यापासून अडवले गेले. आधीची पाणीपुरवठ्याची मालमत्ता एक रुपया भाड्याने दिली गेली आणि मागणी नसली तरी रोज 40 लाख लिटरचे पैसे देण्याची हमी घेतली गेली, यावर खूप टीका झाली. 2007 मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. मला त्या व्यवहारातल्या पैशांहून अधिक महत्त्वाचे वाटते ते विकल्या गेलेल्या वस्तूचे स्वरूप. पुराच्या पाण्यावर कुणी हक्क विकत घेत नाही. विकले गेले ते उतरत्या हंगामातले, साठवून धरलेले पाणी, म्हणजे नेमका डोह.

बंधाऱ्यांच्या बाजूने शेवटचा युक्तिवाद असा की त्यांच्यामुळे उन्हाळ्यातही पाणी टिकते, म्हणजे मासेमारीचा फायदाच झाला. काही ठिकाणी पाणी टिकते हे खरे. पण वाहत्या नदीतला डोह आणि बंधाऱ्यामागचा फुगवटा सारखे नाहीत. फुगवट्यात गाळ बसतो, आणि पावसाच्या तोंडाला वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंत उभी राहते. शिवाय पाणी भरपूर असून काठावर पहारा असेल तर ते मच्छीमाराच्या काय कामाचे? अरपा ही शिवनाथचीच उपनदी. तिच्या काठचे बिलासपूर ज्या बिलासा केवटीणीच्या नावाने वसले असे मानतात, तिच्याच नावाने राज्य आज मत्स्यविकासाचा पुरस्कार देते. पुरस्कार योग्य नावाने आहे. पण नदीवर दार, पंप आणि करार यांबद्दल जिथे निर्णय होतात, तिथे केवट आणि ढीमरांना बसायला जागा अजून मिळालेली नाही, आणि जाळ्यावरची बंदी वर्षातले दोनच महिने लागू असते.