दोन शब्बाथांचा देश

चौदाव्या शतकात एवोस्ताटेवोस नावाच्या मठाधिपतीला इथिओपिया सोडावा लागला. त्याचं म्हणणं साधं होतं. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पवित्र पाळण्याची आज्ञा दहा आज्ञांपैकी एक आहे, ती कुणी मागे घेतलेली नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसाने रविवारइतकाच शनिवारही पाळला पाहिजे. काही शिष्यांना घेऊन तो इजिप्त, सायप्रस करत आर्मेनियाला पोहोचला आणि १३५२च्या सुमारास तिथेच वारला.

बाकीच्या बहुतेक ख्रिस्ती जगाने हा वाद केव्हाच मिटवला होता. येशूचं पुनरुत्थान रविवारचं, म्हणून उपासनाही रविवारी. सण आणि शब्बाथ यांवरून कुणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं पौलाने कलस्सैकरांना लिहिलेलं होतंच. पुढे ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना रविवारी काम बंद ठेवायला सांगितलं. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. चौथ्या शतकातल्याच लाओदिकेयाच्या धर्मसभेने तर शनिवारी विश्रांती घेणं हे यहुदी वळण ठरवून त्या दिवशी काम करण्याचा नियम केला.

एवोस्ताटेवोसच्या बाजूनेही जुना आधार होता. प्रेषितांच्या नावाने चालत आलेल्या नियमांत एक कलम असं आहे की दासांनी पाच दिवस काम करावं आणि शनिवारी व रविवारी त्यांना विसावा मिळावा. या वादात धर्मपंडितांचाच आवाज मोठा असला, तरी हे कलम विसरता येत नाही. शब्बाथ पाळायचा की नाही, यावर राबणाऱ्या माणसाची सुट्टी ठरत होती.

अडचण अधिकाराची होती. इथिओपियाचा मुख्य बिशप नेहमी इजिप्तहून, आलेक्झांड्रियाच्या कॉप्टिक चर्चकडून येई आणि त्या चर्चला शनिवार मान्य नव्हता. गुरूच्या मागे शिष्यांना याजकपदाची दीक्षा मिळेना, राजदरबारी थारा मिळेना. ते उत्तरेकडे, आजच्या इरिट्रियात सरकले आणि तिथे त्यांनी मठ उभारले. अस्मारापासून जवळच्या डोंगरावरचा देब्रे बिझेन हा त्यातला सर्वांत नावाजलेला. त्याचा प्रमुख फिलिपोस याला १४००च्या सुमारास दरबारात बोलावून कैदेत टाकण्यात आलं. तो बधला नाही. अखेर १४०४मध्ये सम्राट दावित यानेच त्याला सोडलं आणि या मंडळींना शनिवार पाळण्याची मुभा दिली.

पूर्ण विजय मिळाला तो सम्राट झारा याकोबच्या काळात. १४५०च्या देब्रे मितमाकच्या धर्मसभेत इजिप्शियन बिशपांनी दोन्ही दिवस मान्य केले आणि बदल्यात एवोस्ताटेवोसच्या अनुयायांनी बिशपांच्या हातून दीक्षा घेण्याचं कबूल केलं. झारा याकोबला राज्य एकसंध हवं होतं, हे खरं. पण वाळीत टाकलेल्या मठांचं मत अख्ख्या चर्चने स्वीकारावं, ही घटना ख्रिस्ती इतिहासात विरळाच.

शतकभराने नवा विरोध समुद्रमार्गे आला. इथिओपियाला रोमच्या आज्ञेत आणण्याची मोहीम जेझुइट हे कॅथलिक धर्मप्रचारक गोव्यातून चालवत होते. त्यांच्या आक्षेपांना सम्राट गलाउदेवोसने १५५५मध्ये लेखी उत्तर दिलं: आम्ही शनिवार पाळतो तो यहुद्यांसारखा नव्हे, त्या दिवशी आम्ही प्रभुभोजनाचा विधी करतो.

गोव्याहून १५८९मध्ये निघालेला जेझुइट पेद्रो पाएझ वाटेत पकडला गेला, येमेनमध्ये सात वर्षं गुलामगिरीत राहिला आणि १६०३मध्ये इथिओपियात पोहोचला. त्याने सम्राट सुसेन्योसचं मन कॅथलिक पंथाकडे वळवलं. पण सम्राटाने शनिवार पाळण्यावर बंदी घालताच बंडं उसळली. पाएझच्या मृत्यूनंतर आलेल्या अफोन्सो मेंदेस या कॅथलिक पॅट्रिआर्कने (धर्मप्रमुखाने) तर जुने विधीच मोडायला घेतले. १६३२च्या एका लढाईत सम्राटाचीच हजारो ख्रिस्ती प्रजा मारली गेली. जिंकूनही सुसेन्योस खचला. त्याच वर्षी त्याने लोकांना त्यांचा जुना धर्माचार परत दिला आणि राज्य मुलाच्या, फासिलादासच्या हाती सोपवलं. नव्या राजाने जेझुइटांना देशाबाहेर काढलं. मेंदेस गोव्याला परतला आणि तिथेच त्याचा शेवट झाला. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही शनिवार आणि रविवार दोन्ही पवित्र मानले जातात.